क्लायंटसाठी वाईन निवडून देताना दर्जा आणि किंमत दोन्ही कसं सांभाळता?

बार्देशकरीण:
नमस्कार मंडळी. मी पर्वरीला असते, छोटी लग्नं आणि व्हिलावरचे कार्यक्रम सांभाळते. गेल्या सिझनपासून क्लायंट जेवण-डेकोरेशनबरोबर वाईनही तुम्हीच ठरवून द्या म्हणायला लागलेत आणि मला हे काम मनापासून आवडतंय, म्हणून ते नीट शिकून करायचंय, दुकानात फोन करून दोन पेट्या रेड नि दोन पेट्या व्हाईट पाठवा असं नको.

आत्ता दोन कामं हातात आहेत. एक डिसेंबरातलं लग्न, आसगावला, १२० पाहुणे, मुलगी म्हापशाची, मुलगा पुण्याचा, दुपारचं जेवण बागेत. इसवण (सुरमई) फ्राय, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण, चिकन काफ्रियाल, आणि पुण्याकडच्या शाकाहारी मंडळींसाठी खतखतं (मिश्र भाज्यांचं) वगैरे. बजेट बाटलीमागे हजार-बाराशे. दुसरं पणजीत मळा भागात एक छोटं रेस्टॉरंट आहे, मासळीसाठी लोक येतात, मालकीणबाईंना आठ-दहा वाईनची लिस्ट करून हवीय.

विचारायचं असं की या बजेटमध्ये चांगली वाईन ओळखायची कशी, किती घ्यायची, आणि आपला मेहनताना कुणाकडून घ्यायचा? एका सेल्समनने सरळ सांगितलं की आमचीच लेबलं लिस्टवर जास्त घाला, पेटीमागे तुमचं बघतो. मी अजून हो-नाही काही बोलले नाही. जे हे काम करतात त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

साळगावचा_शेफ:
ताई, आधी पैशाचं बोलतो कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मी बरीच वर्षं हॉटेलात एफ अँड बीला (खाण्यापिण्याच्या विभागात) काढली, आता स्वतःचं कन्सल्टिंग करतो. फी क्लायंटकडून घे, पूर्ण, उघड, काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून. पेटीमागचे पैसे घेऊ नकोस. तो सेल्समन वाईट माणूस नाही, त्याचं ते कामच आहे, पण एकदा का तू त्याच्याकडून घेतलंस की पुढच्या वेळी दोन बाटल्या समोर ठेवल्यावर तुझी जीभ कुठल्या बाजूला झुकली हे तुलाच कळणार नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवून हे काम होत नाही. क्लायंट तुझ्याकडे येतो ते त्याला स्वतःला चव घेऊन निवडायला वेळ नाही म्हणून, तेवढ्याच विश्वासाचे तो पैसे देतोय.

दुसरं, तू स्वतः वाईन विकत घेऊन पुढे विकायची नाहीस. विक्रीला एक्साईजचं (अबकारी खात्याचं) लायसन्स लागतं. तू निवडून द्यायचं, बिल लायसन्स असलेल्या दुकानाचं आणि थेट क्लायंटच्या नावावर. त्यात तुझं पण भलं, बाटलीमागे किती खर्च झाला ते क्लायंटला दिसतं आणि तुझी फी वेगळी दिसते. बागेत एवढा मोठा कार्यक्रम आहे तर परवाना लागतो का, कुठला, ते एक्साईज स्टेशनवर जाऊन आधीच विचारून घे, लग्नाच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

आता किती घ्यायची. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. १२० पैकी वाईन घेणारे समज ६०, बाकीचे बियर, फेणी, सोलकढीवाले. माणशी तीन ग्लास धर, म्हणजे १८० ग्लास, म्हणजे ३६ बाटल्या, बरोब्बर तीन पेट्या. वर टोस्टसाठी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाईन) लागेल, ती १२० मिलीप्रमाणे ओतली तर बाटलीत सहा ग्लास निघतात. बहुतेक लोक तीन पेट्यांत अर्धी रेड अर्धी व्हाईट करतात. दुपारी बागेत ते करू नकोस. डिसेंबर असला तरी गोव्यात दुपारी ऊन लागतं, वर इसवण आणि हुमण. मी असतो तर अर्ध्याहून जास्त व्हाईट, थोडी रोझे (गुलाबी वाईन), आणि रेड एकच, तीही हलकी.

द्राक्षवाला_दिंडोरी:
मी नाशिकचा, आमची वाईनची द्राक्षं आहेत, वायनरीशी करार आहे. शेफसाहेबांनी हिशोब सांगितला, मी बाटलीवरचं साल सांगतो कारण गोव्यातल्या दुकानांत लोक ते बघतच नाहीत असं मला दिसलंय.

आमच्याकडे युरोपसारखी सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होत नाही. गोडी छाटणी (घड धरायला करतात ती) पावसाच्या शेवटाला होते आणि घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. म्हणजे लेबलवर जे साल आहे त्याच्या पहिल्या तीन महिन्यांतली ती द्राक्षं. डिसेंबरात तुम्ही चालू सालाची सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां (दोन्ही व्हाईट) घेतली तर ती तरतरीत असते, आदल्या वर्षीची पण चालेल, पण त्याहून जुनी साधी व्हाईट मी तरी कुणाला देणार नाही, कितीही डिस्काउंट असू दे. या वाईन ठेवून पिकवायच्या नसतातच, त्यांचा पेरूसारखा, लिंबाच्या सालीसारखा वास हीच त्यांची किंमत आणि तोच आधी जातो. जोरात स्कीम (पेटीवर बाटली फ्री वगैरे) लागलेली पेटी दिसली की पहिलं साल बघा. रेडचं वेगळं, ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली रिझर्व असेल तर तीन-चार वर्षं आरामात जाते.

आणि एक सांगतो. आपल्याकडच्या वाईनला नावं ठेवणारे बरेच भेटतात पण त्यांनी अलीकडे काही चाखलेलं नसतं. आमच्या नाशिकच्या सुला वायनरीची पहिली सोव्हिन्यों ब्लां २००० साली आली, ग्रोव्हर वायनरीवाले बंगळुरूजवळ नंदी हिल्सला त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, अकलूजला फ्रातेल्लीने सांजोवेजेसारखी इटालियन जात लावून दाखवली. शिराझ आणि शेनिन आपल्या हवेत चांगल्या येतात. आम्ही पाणी किती तोडायचं, किती घड झाडावर ठेवायचे, साखर किती ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली की तोडायचं, सगळं वायनरीबरोबर बसून ठरवतो. पहाटे अंधारात तोडणी करतो म्हणजे घड थंड असताना क्रशरला जातात. हजार रुपयांच्या आतल्या बाटलीतही एवढं काम असतं.

काउंटरमागून:
म्हापशात दुकानावर असतो. थोडक्यात लिहितो.

दुकान निवडताना वाईन कुठे ठेवलीय ते बघा. दारातल्या शोकेसमध्ये, उन्हाच्या तिरपेत उभ्या असलेल्या बाटल्या घेऊ नका. एसी रात्री बंद होतो का विचारा, मे महिन्यात माल कुठे होता विचारा. उष्णता लागलेली बाटली ओळखायची खूण म्हणजे कॉर्क थोडं वर आलेलं असतं, वरचं आवरण फिरवलं तर चिकटलेलं असतं, कारण वाईन बाहेर झिरपून सुकलेली असते. व्हाईटचा रंग सोनेरीच्या पुढे जाऊन तपकिरी दिसायला लागला तर ठेवून द्या. स्क्रू कॅप असेल तर नाक मुरडू नका, उलट पार्टीला तीच बरी, कॉर्कचा बुरशीचा वास लागायची भीती नाही आणि वाढणाऱ्या पोरांना उघडायला सोपी.

परत घेण्याचं आधी बोलून घ्या. सील न तोडलेल्या बाटल्या आम्ही ओळखीवर परत घेतो, पण बर्फाच्या पाण्यात बुडवलेली बाटली नाही घेत, लेबल सुटतं, परत विकता येत नाही. म्हणून सगळ्या पेट्या एकदम टबात ओतू नका, लागतील तशा डझनभर काढा. अर्धं पाणी अर्धा बर्फ नि दोन मुठी जाडं मीठ, पंधरा-वीस मिनिटांत व्हाईट गार होते, नुसत्या बर्फात त्याच्या दुप्पट वेळ जातो.

पुण्याची मंडळी उरलेल्या बाटल्या गाडीत घालून नेतो म्हणतील. परमिट काढल्याशिवाय नेऊ देऊ नका, इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी असते, लग्नघरच्या लोकांना तिथे उभं राहायला लागलं तर नाव तुमचंच येणार.

पेटीमागे काहीच घेऊ नको हे शेफसाहेबांचं मला शंभर टक्के पटत नाही. पेटीवर बाटली फ्री ही या धंद्यात सगळीकडे चालते. ती घ्या, फक्त क्लायंटच्या बिलात दाखवा, त्याची बाटली त्याला मिळू दे.

साळगावचा_शेफ:
@काउंटरमागून बरोबर आहे तुमचं, स्कीमचा फायदा क्लायंटच्या खात्यात गेला तर माझा काहीच विरोध नाही. माझा विरोध तो माल कुठला घ्यायचा हे स्कीमने ठरवायला आहे.

बार्देशकरीण:
सगळ्यांना देव बरें करूं, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सेल्समनला नाही सांगितलं आजच, आणि फीचा कागद पण करते.

अजून एक. नवऱ्यामुलाचे वडील म्हणतात सगळं इम्पोर्टेडच हवं, पाहुण्यांसमोर बरं दिसतं, बजेट मात्र तेच. आणि मळ्यातल्या मालकीणबाईंना पोर्तुगीज वाईन हव्यात कारण घर जुनं आहे, भिंतीवर अझुलेज (पोर्तुगीज रंगीत टाइल्स) आहेत, ते सगळं जुळून येतं. मला दोघांनाही तोंडावर नाही म्हणायचं नाही पण खरं पण सांगायचंय.

द्राक्षकन्या:
बार्देशकरीण ताई, मी वाईनचा कोर्स केलाय आणि मडगावला टेस्टिंग घेते. वडिलांना आकडे दाखव, वाद घालू नकोस. बाटलीबंद आयात वाईनवर बरीच वर्षं १५०% ड्युटी लागत आलीय, आजचा दर तेवढा तपासून घे. त्या हिशोबाने जी बाटली इथल्या बंदरावर भाड्यासकट ३०० रुपयांना पडली तिच्यावर ४५० रुपये ड्युटीच, झाले ७५०, मग आयातदार, डिस्ट्रिब्युटर, राज्याचा कर, दुकान. हजार-बाराशेला हातात येते तेव्हा आत वाईन तीनशेचीच असते. त्याच पैशात नाशिकची किंवा अकलूजची बाटली घेतलीस तर ड्युटीत जाणारे पैसे द्राक्षांवर, ओकवर, वायनरीत खर्च झालेले असतात. हजाराच्या आसपास भारतीय आणि आयात शेजारी ठेवून चाखल्या तर माझ्या टेस्टिंगला बहुतेक वेळा भारतीयच पुढे असते, दोन हजाराच्या वर गेलं की चित्र बदलायला लागतं.

ऑस्ट्रेलियाचा अपवाद लक्षात ठेव. त्यांच्याशी करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालाय. आयात किंमत ५ डॉलरच्या वर असलेल्या बाटलीची ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० वर आणली आणि दहा वर्षांत ५० पर्यंत खाली येणार, १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला सुरुवातच ७५ पासून आणि शेवट २५ वर. त्यामुळे वडिलांना परदेशी लेबल टेबलावर हवंच असेल तर एखादी ऑस्ट्रेलियन रेड बघ. मागचं लेबल नीट वाच, काही वाईन टँकमधून येतात आणि बाटलीत इथे भरल्या जातात, ते वाईट नाही पण त्याचे इम्पोर्टेड म्हणून जास्त पैसे देऊ नकोस.

टोस्टसाठी पण तसंच. या बजेटात खरी शांपेन घ्यायची म्हटलं तर पाच जणांचं पण होणार नाही. शांदाँ ही स्पार्कलिंग नाशिकजवळ दिंडोरीला बनते, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, म्हणजे शांपेनचीच पद्धत. सुलाची ब्रूत पण त्याच पद्धतीची. स्पेनची कावा पण तशीच, निदान ९ महिने यीस्टच्या गाळावर ठेवलेली, मिळाली तर चांगली. प्रोसेको टाकीत बनते, चव हलकी, फळांची, तीही दुपारी छान लागते.

मळ्यातल्या बाईंची इच्छा मात्र मला फार आवडली, तिच्यात दम आहे. व्हिन्यु व्हेर्द मिळतेय का बघ, उत्तर पोर्तुगालची, अल्कोहोल कमी, जिभेवर जरा चुरचुरणारी, आंबटसर. तळलेल्या मासळीबरोबर जी वाईन लागते ती हीच. रेडमध्ये आलेंतेजुची. पण तिथे एक अडचण येते, गोव्यात प्रत्येक लेबलची एक्साईजकडे नोंदणी लागते त्यामुळे मुंबईत मिळतं ते इथे मिळेलच असं नाही, आणि आज मिळालं ते चार महिन्यांनी संपलेलं असू शकतं. म्हणून पोर्तुगीज दोनच ठेव, बाकी लिस्ट अशी कर की माल कायम मिळतो.

आणि चव घेतल्याशिवाय काहीही ठरवू नकोस, आणि चव जेवणाबरोबर घे. मागे फोंड्यातल्या एका किचनमध्ये आम्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नंबर टाकून ओळीने ठेवल्या होत्या. नुकताच रेशाद मसाल्यातला बांगडा तव्यावरून उतरला होता, तेल अजून चरचरत होतं. मालकाचा आवडता म्हणून एक भारी काबर्ने होता, ओकवाला. बांगड्याच्या घासानंतर त्याचा घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तोंडात लोखंडी चव आली नि तिखट दुप्पट झालं. तेलकट मासळी आणि टॅनिन (रेडमधला तुरटपणा) जमत नाही, आणि मिरचीला टॅनिन व अल्कोहोल दोन्ही भडकवतात. शेजारी तीन नंबरला किंचित गोडसर शेनिन ब्लां होती, सगळ्यात स्वस्त, तिचा थेंब पण उरला नाही. कागद काढल्यावर मालक बराच वेळ बाटली हातात धरून लेबल वाचत होता. किंमत आधी माहीत असती तर ती बाटली त्यांनी लिस्टवर घेतलीच नसती. म्हणून म्हणते गुंडाळून चाखायला दे, वडिलांनाही.

पेडण्याचा_बाबू:
सगळं खरं असेल पण माझा अनुभव असा की लग्नात पुरुष मंडळी रेडच मागतात, हृदयाला चांगली असते म्हणून. व्हाईट बायकांची समजतात. तुम्ही रेड कमी ठेवलीत तर आरडाओरड होईल.

साळगावचा_शेफ:
बाबू, मागतात हे खरं, म्हणून तर एक रेड ठेवायचीच. पण ती गार करून द्या. रेड रूम टेंपरेचरला हे जे सांगतात ते १६ ते १८ डिग्रीला, आपल्याकडे बागेत ३० असतं. त्या गरमाईत कुठलीही रेड नुसती अल्कोहोलसारखी जळजळते आणि लोक म्हणतात भारतीय वाईन आहे ना म्हणून. तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवून काढा, शिराझ किंवा सांजोवेजे, काफ्रियालबरोबर किती छान लागते बघा. त्यात कोथिंबीर-हिरव्या मिरचीचा वास आहे, फार ओकवाली रेड त्याला दाबून टाकते. आणि वेटरला सांगून ठेवा, ग्लास एक तृतीयांशच भरायचा, भरून दिला की उन्हात गरम होतो, माणूस ठेवून देतो, वाईन वाया जाते. हृदयाचं डॉक्टरवर सोडू या, तसं सांगून आपण कुणाला वाईन पाजू नये.

काउंटरमागून:
म्हाताऱ्या मंडळींसाठी आपल्या गोव्याच्या पोर्ट वाईनच्या दोन बाटल्या घ्या. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टमध्ये ब्रँडी घालतात, ही बहुतेक तशी नसते, साधी गोड रेड असते, पण इथल्या घरांत पाहुण्यांना तीच दिली जाते आणि बेबिंकाबरोबर ती खपते. पैसे पण किरकोळ.

बार्देशकरीण:
बाबूंचं पण बरोबर वाटतं, शेफ तुमचं पण. मी एक पेटी रेड, दीड पेटी व्हाईट, अर्धी रोझे करते आणि जास्तीची अर्धी पेटी रेड दुकानात बाजूला काढून ठेवायला सांगते, लागली तर मागवायची. पोर्ट वाईन नक्की, मुलीची आजी खूश होईल.

रेस्टॉरंटच्या लिस्टचं कुणी सांगाल का? ग्लासने किती ठेवायच्या, किंमत कशी लावायची?

साळगावचा_शेफ:
छोटी जागा आहे, ग्लासने चारच ठेव. दोन व्हाईट, एक रोझे, एक रेड. स्पार्कलिंग ग्लासने नको, कारण उघडल्यावर चांगला स्टॉपर लावला तरी एक-दोन दिवसांत बुडबुडे कमी होत जातात. उघडलेली व्हाईट फ्रीजमध्ये बंद करून दोन-तीन दिवस, रेड पण फ्रीजमध्येच, तेवढेच दिवस. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची सवय स्टाफला लाव, चौथ्या दिवशी ती किचनमध्ये जाते, गिऱ्हाईकाला नाही.

किमतीचं म्हणजे बऱ्याच ठिकाणी पहिल्या ग्लासात पूर्ण बाटलीची खरेदी वसूल करतात. मालकीणबाईंना मी म्हणेन तसं करू नका. स्वस्त बाटलीवर थोडा जास्त मार्जिन, महागावर रुपयांत ठरावीक रक्कम. हजाराच्या बाटलीचे तीन हजार केले तर टेबलावरचा माणूस बियर मागवतो, आणि बाटली पुढच्या पावसाळ्यापर्यंत कपाटात उभी राहते, मग ती गरम होऊन खराब, म्हणजे मार्जिन पण गेला. अठराशे-दोन हजाराला दिली तर तीच बाटली आठवड्यात फिरते आणि पुढची ताजी येते. मासळीच्या जागेत वाईन फिरती राहणं फार महत्त्वाचं.

लिस्टवर द्राक्षाच्या नावापुढे कुठल्या डिशबरोबर घ्यायची ते एका ओळीत लिही, साध्या भाषेत. सोव्हिन्यों ब्लां: रव्यातला इसवण, तिसऱ्यांचं सुकं. गोडसर शेनिन किंवा रिझलिंग: रेशाद, विंदालू. रोझे: सुंगटांचं हुमण. शिराझ: शाकुती. वेटरला मग काही पाठ करायला लागत नाही, आणि जो कधीच वाईन घेत नाही तो पण एक ग्लास मागवून बघतो. स्टाफला महिन्यातून एकदा तरी प्रत्येक वाईनचा घोट दे, त्यांनी स्वतः चाखल्याशिवाय ते विकू शकत नाहीत.

द्राक्षकन्या:
यात एकच भर, बाईंकडे वाईन ठेवायला जागा कुठे आहे ते आधी जाऊन बघ. जुन्या घरात स्टोअर बहुतेक किचनला लागून असतं आणि तंदूर किंवा शेगडीची भिंत तापते. वेगळा छोटा वाईन कूलर घ्यायला सांग, १२-१४ डिग्रीला लावून ठेवायचा, त्यात सगळंच बसतं. तो खर्च नाही म्हणाल्या तर लिस्ट दहावरून सहावर आण आणि कॉर्कवाल्या काढून स्क्रू कॅपच्या ठेव.

बार्देशकरीण:
शनिवारी मळ्यात जाऊन स्टोअर बघते, थर्मामीटर पण घेऊन जाते. लग्नाचं टेस्टिंग मुलीच्या घरी म्हापशाला ठरवलंय, केटररकडून इसवण, हुमण आणि काफ्रियाल थोडं थोडं मागवलंय, वडील पुण्याहून येणार आहेत. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळूनच. @द्राक्षकन्या तुम्ही मडगावहून येऊ शकाल का, तुमची फी सांगा, ती मी क्लायंटच्या कोटेशनमध्ये वेगळी दाखवते.

द्राक्षकन्या:
येते. फी मेसेजमध्ये कळवते. ग्लास मी आणीन, सगळे एका आकाराचे लागतात, तुम्ही फक्त साधं पाणी, पाव आणि बाटल्या तासभर आधी गार करून ठेवा. आणि त्या दिवशी सकाळी कुणी अत्तर लावून येऊ नका.